प्लग अँड प्ले
वैयक्तिक संगणकास जोडलेले उपकरण ओळखून त्यास लागणारी साधने आपोआप नेमून देणारी पद्धती. आयबीएमच्या १९८१ मधील संगणकात प्रक्रियकाचे लक्ष वेधण्यासाठी ८ व्यत्यय-रेषा होत्या. १९८४ च्या एटी प्रतिमानात वापरण्याजोग्या १५ झाल्या. दोन कार्डांच्या वाट्यास एकच रेषा आल्यास बहुधा एक किंवा दोन्ही निकामी होत. मग पेटी उघडून कार्डावरील खुंट्यांच्या इवल्या टोप्या हलवाव्या लागत. हे काम चिकाटीचेच होते. ‘विंडोज ९५’ ने (१९९५) ते आज्ञावलीकडे सोपविले व सदोष उपकरणापुढे पिवळे खूणचिन्ह दाखविले. जुनी कार्डे मात्र स्वतःची ओळख देत नसत. त्यामुळे ‘जोडा आणि प्रार्थना करा’ ही तत्कालीन थट्टा अनाठायी म्हणता येत नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथे ‘विंडोज ९८’ च्या प्रात्यक्षिकात स्कॅनर जोडताच बिल गेट्स यांच्या समक्ष पडदा निळा झाला.