रक्षकावरच उलटलेलें शस्त्र

पालघर जिल्ह्यांत, समुद्रकांठच्या केळवें गांवीं, शीतलादेवीचें मंदिर आहे. देवीची सांथ आली कीं लोक शीतलेला नवस करीत. एक गोष्ट मात्र जुन्या लोकांनीं अचूक हेरली होती : ज्याला एकदां देवी येऊन गेल्या, त्याला त्या पुन्हां सहसा येत नसत. शरीर शत्रूला ओळखतें आणि ती ओळख विसरत नाहीं. पण ती ओळखच चुकली तर?

शरीराचें रक्षण रक्तांतील पांढऱ्या पेशी आणि त्यांनीं घडविलेलीं प्रतिद्रव्यें करतात. १८८२ सालीं मेचनिकॉफ यांनीं तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत कांटा खुपसून, फिरत्या पेशी त्याभोंवतीं कशा गोळा होतात तें पाहिलें. त्यांचेच शिष्य हाफकिन मुंबईस आले आणि १८९७ च्या जानेवारींत प्लेगाची लस त्यांनीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. हीं शस्त्रें देह स्वतःविरुद्ध चालूं देणार नाहीं, असें जर्मनींतील एर्लिक यांचें मत होतें. एवढ्या थोर पुरुषाच्या मताला आव्हान कोण देणार? जवळजवळ अर्धें शतक तें वैद्यकावर छाया धरून राहिलें.

१९४८ सालीं अमेरिकेंत हारग्रेव्हज व त्यांचे सहकारी यांना ल्यूपसच्या रोग्यांच्या अस्थिमज्जेंत, दुसऱ्या पेशीचें केंद्रक गिळून बसलेली पांढरी पेशी आढळली. त्या केंद्रकाला रोग्याच्याच प्रतिद्रव्यानें घेरलेलें असतें, हें मागाहून कळलें. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांत मूत्रपिंडाच्या कांहीं रोग्यांत, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या अंतर्भागाविरुद्ध प्रतिद्रव्यें सांपडलीं. १९८५ सालीं त्यांचा संबंध वेगेनरच्या रोगाशीं जुळला. तीं चिकटलीं कीं पेशी भडकते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा नाश करते.

मुंबईंत १९५७ सालीं रक्तगटांसाठीं एक संदर्भ केंद्र निघालें. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ती हीच. तेथील संशोधकांच्या २००४ सालच्या एका निबंधांत, फुप्फुसाच्या क्षयाच्या रोग्यांतही हींच प्रतिद्रव्यें आढळल्याची नोंद आहे. पेंच आहे तो येथें. वेगेनरचा रोग फुप्फुसांत पोकळ्या पाडतो, खोकल्यावाटे रक्त आणतो. क्षयही तेंच करतो. पहिल्यावर उपाय प्रतिकारशक्ति दाबण्याचा. तोच क्षयाच्या रोग्यावर केला तर जंतूंस मोकळें रान मिळतें. म्हणून केळव्याहून आलेला रोगी असो वा परळचाच असो, रक्ताची साक्ष कांहींही निघाली तरी त्याची थुंकी आधीं तपासावी लागते.