गुणसूत्रांच्या हद्दीची कुळकथा

पेशीच्या केंद्रकात प्रत्येक गुणसूत्राची स्वतंत्र हद्द असते. पेशी विभागत असताना गुणसूत्रे आखडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुटी सुटी दिसतात. विभाजन संपले की ती सैल होतात, फुलतात आणि एकेकटी ओळखू येईनाशी होतात. तरीही ती एकमेकांत विरघळत नाहीत. माणसाच्या एका पेशीतल्या ४६ गुणसूत्रांमधला डीएनए सलग ताणला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग असतो. एवढ्याशा जागेत कोणते गुणसूत्र मध्याशी आणि कोणते कडेला, हे बव्हंशी ठरलेले असते. मूलपेशीतली, म्हणजे स्टेम सेलमधली, मांडणी मात्र पूर्ण घडलेल्या पेशीपेक्षा काही बाबतींत वेगळी असते.

या कल्पनेचे मूळ १८८५ सालच्या एका निरीक्षणात आहे. ऑस्ट्रियाचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल राब्ल सॅलमँडरच्या डिंभांच्या पेशी तपासत होते. विभाजन संपताना गुणसूत्रे ज्या ठेवणीत केंद्रकात शिरतात, जवळपास त्याच ठेवणीत ती पुढच्या विभाजनाला बाहेर येतात, असे त्यांना आढळले. गुणसूत्रांचे वळलेले मधले भाग केंद्रकाच्या एका अंगाला आणि मोकळी टोके दुसऱ्या अंगाला. मधल्या काळात धागे दिसत नसले तरी त्यांची जागा सुटत नसावी, असा तर्क त्यांनी केला. या ठेवणीला आजही राब्ल यांचेच नाव आहे.

तर्काला आधार दिला जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोवेरी यांनी. त्यांचा प्राणी होता घोड्याच्या आतड्यातला जंत. त्याच्या फलित अंड्यात अवघी दोन किंवा चार गुणसूत्रे असतात, तीही चांगली मोठी. शिवाय त्यांची टोके केंद्रकाच्या कडेला फुगवटे उठवतात, त्यामुळे विभाजन चालू नसतानाही त्यांचा ठाव लागतो. एका पेशीतून झालेल्या दोन बहीणपेशींत गुणसूत्रांची मांडणी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असते, पण दुसऱ्या जोडीत ती निराळी असते, हे बोवेरींनी दाखवले. १९०९ च्या निबंधात त्यांनी गुणसूत्राच्या या जागेला ‘प्रदेश’ म्हटले, आणि ती संज्ञा रूढ झाली.

मूलपेशींच्या दृष्टीने या कामात आणखी महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. बोवेरींनी पाहिलेल्या पेशी गर्भाच्या अगदी पहिल्या पेशी होत्या. त्या वाढत असताना शरीर घडवणाऱ्या पेशी आपल्या गुणसूत्रांचे काही भाग टाकून देतात. पुढे अंडी व शुक्राणू ज्या वंशातून येतात, त्या पेशी मात्र गुणसूत्रे अखंड राखतात. या वंशाला बोवेरींनी १८९२ च्या सुमारास मूलपेशी हेच नाव दिले होते. गुणसूत्राची हद्द आणि मूलपेशीचे वेगळेपण या दोन्ही कल्पना अशा रीतीने एकाच जंताच्या गर्भातून पुढे आल्या. पुन्हा एकत्र यायला त्यांना शतकभर लागले.

मधल्या काळात हद्दीची कल्पना मागे पडली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, पण त्यात केंद्रकाच्या आत सीमारेषा दिसेनात. वाडग्यातल्या शेवयांसारखे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले असावेत, हे चित्र बहुतेकांनी मान्य केले. ते खोडून काढण्यासाठी थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या जर्मन बंधूंनी १९७० च्या दशकात फार देखणी युक्ती योजली. जिवंत पेशीच्या केंद्रकातल्या एका बारीक ठिपक्यावर अतिनील लेसर मारायचा आणि पुढच्या विभाजनात इजा किती गुणसूत्रांवर उमटली ते मोजायचे. धागे सर्वत्र पसरले असतील तर बऱ्याच गुणसूत्रांना थोडी थोडी इजा व्हायला हवी. प्रत्येकाची हद्द असेल तर मोजक्याच गुणसूत्रांना. चिनी हॅमस्टरच्या पेशींत इजा मोजक्याच गुणसूत्रांना झालेली आढळली. हद्द डोळ्यांनी न पाहताच सिद्ध झाली होती.

प्रत्यक्ष दर्शन १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात घडले. एकाच गुणसूत्राला चिकटणारे चमकणारे डीएनए-तुकडे तयार करून ते अख्खे गुणसूत्र रंगवण्याचे तंत्र १९८८ च्या सुमारास हाती आले. १९९९ साली एडिनबरोत वेंडी बिकमोर यांच्या गटाने १८ आणि १९ क्रमांकांच्या मानवी गुणसूत्रांची तुलना केली. जनुके विरळ असलेले १८ वे कडेला आणि जनुकांनी दाटलेले १९ वे मध्याकडे, असे त्यांना आढळले.

मानवी भ्रूणातील मूलपेशी १९९८ पासून प्रयोगशाळेत वाढवता येऊ लागल्या होत्या. २००५ साली बिकमोर यांच्याच गटाने त्या तपासल्या. हद्दी तिथेही होत्या, १८ आणि १९ चा क्रमही तोच होता. फरक बारकाव्यांत होता. सेंट्रोमिअरची, म्हणजे गुणसूत्रांच्या आवळलेल्या भागांची, ठेवण वेगळी होती. मूलपेशीपण टिकवणारे ‘नॅनॉग’ हे जनुक ज्यावर असते तो १२ व्या गुणसूत्राचा आखूड भाग मध्याकडे सरकलेला होता. २०१५ साली अमेरिकेतील बिंग रेन यांच्या गटाने मूलपेशीतून वेगवेगळ्या पेशी घडताना जनुकसंचाचा ३६ टक्के भाग सक्रिय व निष्क्रिय कप्प्यांत अदलाबदल करतो, असे मांडले. या बदलांत केंद्रकाच्या अस्तराचाही वाटा असतो. हे अस्तर लॅमिन नावाच्या प्रथिनांचे असते. भ्रूणीय मूलपेशीत लॅमिन-ए जवळजवळ नसतेच. ते पेशी घडू लागल्यावर येते. म्हणून मूलपेशीचे केंद्रक मऊ असते.

या कुळकथेची एक शाखा पुण्यात आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि नंतर पाषाणच्या आयसर या संस्थेत संजीव गलांडे यांनी सॅटबी-१ या प्रथिनावर दीर्घकाळ काम केले. हे प्रथिन डीएनएचे वेढे बांधून ठेवते. सहाव्या गुणसूत्रावरील प्रतिकारशक्तीच्या जनुकांचे वेढे ते कसे राखते, हे २००७ च्या त्यांच्या शोधनिबंधात आले. आयसरमध्येच कुंदन सेनगुप्ता यांच्या गटाने हद्दी कशाने हलतात हा प्रश्न घेतला. २०१८ साली त्यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी मऊ पृष्ठभागावर वाढवल्या, तेव्हा १, १८ आणि १९ ही तिन्ही गुणसूत्रे केंद्रकाच्या आतल्या बाजूला सरकली. लॅमिन-बी२ वाढवले, तर १८ वे कडेलाच राहिले. बाहेरचा ताण आत पोहोचवणारे प्रथिन म्हणून त्यांनी एमरिनकडे बोट दाखवले.

त्या पेशी मूलपेशी नव्हत्या, पण पृष्ठभागाच्या कडकपणाचा हा प्रश्न मूलपेशींच्या कामाला थेट भिडतो. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयातील पुनर्जनन वैद्यकाच्या प्रयोगशाळेत दातांच्या गराच्या मूलपेशींवर संशोधन चालते. अशा प्रौढ मूलपेशी पृष्ठभागाचा कडकपणा ओळखतात. २००६ साली अमेरिकेत डेनिस डिशर यांच्या गटाने अस्थिमज्जेतल्या मूलपेशींवर हे दाखवले होते: मऊ थरावर त्या चेतापेशींकडे, मध्यम थरावर स्नायूंकडे आणि कडक थरावर हाडाकडे झुकतात. प्रयोगशाळांतली प्लॅस्टिकची बशी शरीरातल्या मऊ ऊतींपेक्षा कितीतरी पट कडक असते. त्यामुळे उपचारासाठी मूलपेशी वाढवताना त्या कशावर वाढवल्या, या नोंदीला माध्यम आणि तापमान यांच्याइतकेच मोल आहे.