बायबलातील सुना

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे आमच्या चिटणीसबाई म्हणाल्या, तेव्हा राजेराण्या सोडून सुनांचाच इतिहास लिहावा असे मला वाटले. इतिहासात सुना सहसा सापडत नाहीत. बायबलाच्या जुन्या करारात मात्र त्या नावानिशी भेटतात. यहुदी व ख्रिस्ती लोकांचा हा पवित्र ग्रंथ. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून त्याचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते १९२४ साली छापून पुरे झाले. धर्माची चर्चा माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने करू नये. मी त्यातला घरसंसार तेवढा पाहिला.

त्या काळचे इस्राएली घर एकत्र कुटुंबाचे असे. त्याला त्यांच्या भाषेत ‘बापाचे घर’ असेच म्हणत. मुलगे तिथेच राहत, सुना बाहेरून येत. हिब्रू भाषेत नवरी आणि सून या दोघींना एकच शब्द आहे, ‘कल्ला’. म्हणजे नवऱ्याची नवरी ती साऱ्या घराची सून. घराण्याचे नाव आणि जमीन पुढे चालवणारा मुलगा देणे हे तिचे मुख्य काम. तो होण्याआधी नवरा वारला तर एकत्र राहणाऱ्या दिराने तिच्याशी लग्न करावे व पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावाचा धरावा, असा नियम होता. दिराने नाकारले तर तिने गावच्या वेशीत पंचांपुढे त्याच्या पायातली वहाण काढावी व त्याच्या तोंडावर थुंकावे, असेही अनुवादाच्या २५ व्या अध्यायात लिहिले आहे! शेजारच्या हित्ती लोकांच्या कायद्यातही दीर नसल्यास सासऱ्याने विधवेला पत्नी करावे असे होते. आपल्याला हे चमत्कारिक वाटते. पण मूलबाळ नसलेल्या विधवेला त्याखेरीज आधार तो कोणता?

सासूसुनांचे पटत नसे, हेही त्यात आहे. एसावाने चाळिसाव्या वर्षी दोन हित्ती बायका केल्या, आणि त्यांच्यापायी सासू रिबका जिवाला कंटाळली. सुनांना काय वाटत होते ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

तामारेची कथा लोक चारचौघांत सांगायला कचरतात. मला ती सांगावीशी वाटते. यहूदाचा थोरला मुलगा एर, त्याची ती बायको. एर वारला. दुसऱ्या मुलाशी तिचे लग्न झाले. भावाच्या नावाला मूल द्यायचे त्याच्या मनात नव्हते. तोही वारला. तिसरा शेला लहान होता. तो मोठा होईपर्यंत माहेरी जाऊन राहा, असे सासऱ्याने सांगितले. ही सून पांढऱ्या पायाची, शेलाही मरेल, ही भीती त्याच्या पोटात होती. ओठावर मात्र गोड वायदा. शेला मोठा झाला तरी तिला कोणी बोलावले नाही. माहेरची नाही, सासरची नाही, आणि दुसरीकडे लग्न करायलाही मोकळी नाही, अशी ती लटकत राहिली. (असे लटकवून ठेवलेल्या बायका आपणही पाहिल्या आहेत.)

शेवटी सासरा मेंढरांची लोकर कातरायला निघाला असता ती विधवेची वस्त्रे उतरवून, तोंडावर बुरखा घेऊन रस्त्यावर बसली. त्याने तिला वेश्या समजून तिचा संग केला. मोबदल्यात करडू पाठवीन म्हणाला, तेव्हा तिने त्याची मुद्रा, दोरी आणि काठी गहाण मागून घेतली. तीन महिन्यांनी सुनेला दिवस गेल्याचे त्याला कळले. हिला बाहेर काढून जाळा, असा हुकूम त्याने केला. तिने आरडाओरडा केला नाही. ज्याच्या ह्या वस्तू त्याचेच हे मूल, एवढाच निरोप धाडला. यहूदाने वस्तू ओळखल्या. शेला तिला दिला नाही, म्हणून खरी तीच, असे त्याने कबूल केले. हक्क तिचाच होता, पण जीव धोक्यात घातल्याशिवाय तो हाती आला नाही. तिला जुळे झाले, पेरेस व जेरह.

पेरेसाच्याच वंशात पुढे बेथलेहेमचा बवाज झाला. तिथलीच नामी दुष्काळामुळे नवऱ्यामुलांसह मवाब देशी गेली होती. तिथे नवरा वारला, आणि मवाबी सुना आणल्यावर दोघे मुलगेही वारले. सुनांनो, माहेरी जा, नवी घरे करा, असे नामीने सांगितले. अर्पा रडत परत गेली. तिला लोक नावे ठेवतात, ते मला पटत नाही. तिने सासूचे ऐकले. रूथ मात्र सासूला सोडीना. गावात शिरताना नामी बायकांना म्हणाली की मी भरलेली गेले आणि रिकामी आले. रूथ शेजारीच उभी होती! दुःखाच्या भरात सासूला सून दिसली नाही, एवढेच म्हणायचे.

रूथ कापणी करणाऱ्यांच्या मागे सातूचा सरवा वेचू लागली. शेताच्या कडा आणि सांडलेली कणसे गरीब, परके व विधवा यांच्यासाठी सोडावीत, असा कायदा होता. शेत बवाजाचे. पहिल्याच दिवशी झोडून एफाभर, म्हणजे सुमारे २० शेर, सातू निघाला. दुपारी मिळालेल्या हुरड्यातला उरलेलाही तिने सासूसाठी आणला.

बवाज नात्यातला म्हणून नामीने तिला रात्री खळ्यावर पाठवले. काय करायचे ते तो सांगेल, असे सासूने बजावले होते. पण रूथ थांबली नाही. मला पांघरुणाखाली घ्या, तो तुमचा अधिकार आहे, असे तिनेच म्हटले. सासूपुढे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, म्हणून त्याने सहा मापे सातू तिच्या पदरी घातला. सकाळी वेशीत दहा वडील मंडळी बसली. अधिक जवळचा एक नातेवाईक होता. तो नामीचे शेत घ्यायला तयार झाला. शेताबरोबर रूथही येणार म्हटल्यावर मागे सरला. शेत हवे, सून नको! मग बवाजाने तिच्याशी लग्न केले. त्या वेळी लोकांनी आशीर्वाद देताना तामारेचेच नाव घेतले.

रूथला मुलगा झाला तो नामीने मांडीवर घेतला. शेजारच्या बायका तिला म्हणाल्या की ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. बाळाचे नावही त्या शेजारणींनीच ठेवले, ओबेद. दावीद राजा त्याचा नातू.