गेट आपलं, तोंड रस्त्याचं

इंग्रजीत ज्याला ड्राइव्हवे म्हणतात त्याला मराठीत धड शब्द नाही. अंगणाला शब्द आहे, ओसरीला आहे, परसाला आहे, वेशीला आहे. पण गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा जो दहा-पंधरा फुटांचा मुरमाचा तुकडा असतो, त्याला आपण काहीच म्हणत नाही. सरकारी कागदांत त्याला 'पोहोच रस्ता' म्हणतात. या शनिवार-रविवारी मी या तुकड्याचा इतिहास शोधत बसलो होतो. (हो, पुण्यात राहून वीकेंडला लोक याहून बऱ्या गोष्टी करतात, माहीत आहे.)

निमित्त झालं मामाचं. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचं गाव आहे, जिंतूर-जालना रस्त्यावर. मामाचं तिथल्या शिवारात रस्त्याला लागून छोटं जिनिंग आहे. गेट बारा फुटांचं. त्याला ते चोवीस फुटांचं करायचंय, आणि गेटसमोरच्या नालीवर पाइप टाकून केलेली मोरीही तेवढीच लांबवायचीय. त्यासाठी त्याने रीतसर अर्ज केला. तेव्हापासून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद फिरतोय. परवा फोनवर म्हणाला, "गेट माझं, जागा माझी, अन् परवानगी कशाची मागायलेत रे हे? तू इंजिनिअर हाईस ना, सांग बरं."

मी सॉफ्टवेअरवाला. पण मामाला "ते माझं डिपार्टमेंट नाही" असं सांगता येत नाही, हे तुम्हीही जाणता.

आधी चारठाण्याबद्दल थोडं. हे गाव आज ग्रामपंचायतीचं असलं तरी मुळात आडगाव नव्हे. इथे यादवकाळातली मंदिरं आहेत, कोरीव स्तंभ आहे, बारव आहे. एवढं दगडकाम उभं राहायचं तर पैसा लागतो, आणि त्या काळात पैसा म्हणजे शेतसारा आणि वाटेवरचा व्यापार. पुढे १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली ती परभणी, मानवत रोड, सेलू अशी खालून गेली. कापसाच्या मोठ्या बाजारपेठा आणि जिनिंग-प्रेस त्या पट्ट्यात वाढले. चारठाण्याला रेल्वे नाही, म्हणून इथला कापूस आजही चाकांवरच हलतो. आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर-ट्रॉली, आता आयशर आणि ट्रक. मामाच्या गेटचं दुखणं इथून सुरू होतं.

तर पहिला प्रश्न: बारा फूट आलं कुठून?

महसुली मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. निजामाच्या राज्यात सर सालारजंगांच्या काळात, १८७० च्या दशकात, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनींची मोजणी सुरू झाली, आणि मराठवाड्याच्या शिवारावर हा हिशोब बसला. महसुली कामात रस्त्यांची जी रुंदी धरतात तिच्यातही ही साखळी दिसते. पायमार्ग सव्वाआठ फूट, गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट. आता भागाकार करा. सव्वाआठ म्हणजे पाव साखळी, साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी! मला हे कळलं तेव्हा एखाद्या जुन्या कोडमधल्या विचित्र आकड्याचा उगम सापडल्यासारखा आनंद झाला.

म्हणजे कागदावरचा गाडीमार्ग पाच मीटरचा. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी बांध सरकत सरकत तो कधी आठ फूट होतो, कधी गायबच होतो. पांदणीवरून भावाभावांत डोकी फुटलेली आपण सगळ्यांनी ऐकलीत. अडवलेली वाट मोकळी करायला मामलतदार कोर्ट कायदा १९०६ पासून आहे, आणि बांधावरून वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३. तरी २०२५ मध्ये सरकारला शासन निर्णय काढून सांगावं लागलं की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर व्हावी. गंमत बघा. दीडशे वर्षांपूर्वीचा हिशोब पाच मीटरचा, आणि आता निदान तीन-चार तरी मिळू द्या म्हणायची वेळ.

मामाचं बारा फुटी गेट या गाडीवाटांच्या जगातलं आहे. बैलगाडी आरामात जाते, ट्रॅक्टरही जातो. मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रकची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. मग बारा फुटांत ट्रक जायला हवा की! सरळ आला तर जातो. पण तो सरळ येत नाही, रस्त्यावरून काटकोनात वळतो. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत येतात. त्यात कापूस म्हणजे वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य, गाडीच्या दोन्ही अंगांनी फुगलेला. त्यामुळे ड्रायव्हर आधी रस्त्याच्या पार पलीकडे जातो, थांबतो, मागे-पुढे करतो, मग आत शिरतो. तेवढा वेळ जिंतूरहून येणारी एसटी आणि मंठ्याकडून येणारे मोटरसायकलवाले तिथेच खोळंबतात. रात्री तर नुसता जीव टांगणीला.

मामाचा मुद्दा साधा आहे: गेट रुंद झालं की ट्रक एका झटक्यात आत. मुद्दा बरोबर आहे. मग सरकारला विचारायचं कशाला?

याचं उत्तर परभणीत नाही, इंग्लंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे मोटारी वाढल्या. नवे रस्ते झाले, आणि त्यांच्या दोन्ही कडांना घरं-दुकानं-कारखान्यांची माळ लागली. जमीन रस्त्याला लागून, जो तो आपलं गेट थेट हमरस्त्यावर उघडणार. परिणाम असा की लांबच्या प्रवासासाठी बांधलेला रस्ता गल्ली होऊन बसला. या फितीसारख्या वस्तीला त्यांनी 'रिबन डेव्हलपमेंट' नाव दिलं आणि १९३५ मध्ये ती रोखायला कायदा केला. प्रमुख रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांत बांधकाम करायचं, किंवा त्या रस्त्यावर नवी वाट काढायची, तर रस्त्याच्या खात्याची संमती हवी. त्याआधी १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात गावाची बाजू उचलून धरली होती. एका कंपनीला आपली ६८ एकर जागा उद्योगांसाठी विकसित करायची होती, गावाने झोन आखून त्यातल्या बऱ्याच भागावर बंधनं घातली होती. 'माझी जागा, माझी मर्जी' हा विचार कायद्याने बाजूला ठेवला तो साधारण या दहा वर्षांत.

आपल्याकडे १९५५ मध्ये मुंबई राज्याने महामार्ग कायदा केला. त्यात रस्त्याची हद्द, इमारत रेषा, नियंत्रण रेषा असे शब्द आले, आणि महामार्गावर येण्या-जाण्याची वाट काढायला परवानगी लागेल हेही आलं. चारठाणा तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. हा कायदाही मग इकडे लागू झाला. पुढे १९८० मध्ये इंडियन रोड काँग्रेसने आकडे सुचवले. मोकळ्या सपाट भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर समोरासमोरच्या इमारत रेषांमध्ये ८० मीटर, नियंत्रण रेषांमध्ये १५० मीटर. म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून चाळीस मीटर, जवळजवळ १३० फूट, बांधकामच नको. कुठल्याही गावाच्या फाट्यावरची टपरी, टायरचं दुकान आणि हॉटेल आठवा आणि १३० फूट मोजा!

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने. त्याच्या कलम ४३ मध्ये कशाला परवानगी लागत नाही याची यादी आहे. त्यात एक नोंद आहे: केवळ शेतीच्या जमिनीकडे जाण्यासाठी केलेला रस्ता. तिथला 'केवळ' महत्त्वाचा. मामाच्या याच जागेत उद्या फक्त कापसाचं शेत असतं, तर आत जायच्या वाटेसाठी या कायद्याखाली अर्ज करावा लागला नसता. तोच कापूस, तीच ट्रॉली, तोच ड्रायव्हर. पण आत सरकी वेगळी करायचं मशीन आहे, म्हणून वाट बदलली.

उदारीकरणानंतर १९९० च्या दशकात जमीन महसूल संहितेत कलम ४४-अ आलं. उद्योगासाठी जमीन वापरायला आधी बिगरशेती परवानगी घ्यायची गरज नाही, फक्त कळवा, अशी ती सवलत होती. पण अटी बघा: मालकी स्वच्छ हवी, जागेला नीट पोहोच रस्ता हवा, आणि रिबन डेव्हलपमेंटच्या नियमांचा भंग नको. इंग्लंडमधला शब्द साठ वर्षांनी आपल्या तलाठी कार्यालयात येऊन पोचला!

राष्ट्रीय महामार्गांचं प्रकरण याहून कडक. २००२ च्या केंद्रीय कायद्याचं कलम २८ म्हणतं की वाहनाने, किंवा पाच अगर अधिक माणसांच्या गटाने पायी, महामार्गावर येण्याचा हक्क कुणालाही नाही, प्रशासनाने सर्वसाधारण किंवा खास परवानगी दिली तरच. आषाढीला मराठवाड्यातून पंढरपूरला निघणाऱ्या दिंड्यांना हे कलम वाचून दाखवावं असं मला फार वाटतं. :)

आता माझं मत. तत्त्व बरोबर आहे. गेट मामाचं असलं तरी त्याचं तोंड रस्त्यात उघडतं, आणि तिथे ट्रक आडवा झाला की धोका एसटीतल्या लोकांना आहे, मामाला नाही. प्रत्येकाने मनाला येईल तेवढं तोंड रुंद केलं तर सलग रस्त्याच्या साइडपट्टीला अर्थच उरत नाही. शिवाय नाली बुजली की पावसाळ्यात पाणी शेजारच्याच्या तुरीत.

गोची दुसरीकडे आहे. गेट रुंद करायचा अर्ज आला की कार्यालय फक्त गेट बघत नाही. जिनिंगची शेड इमारत रेषेच्या आत आहे का, बिगरशेतीचा कागद कुठे, ग्रामपंचायतीचा ना हरकत कुठे, सगळी जुनी फाइल उघडते. शेड बांधली तेव्हा रस्ता अरुंद होता. रस्ता दोन वेळा रुंद होऊन मामाच्या दाराशी आला, मामा रस्त्याकडे गेला नाही. तरी आज रेषेच्या आत मामाच. म्हणून शहाणी माणसं अर्जच करत नाहीत. एका रात्रीत दोन ट्रॅक्टर मुरूम टाकतात, नाली बुजवतात, मोकळी होतात. जो विचारतो त्याची चौकशी, जो विचारत नाही त्याचं चोवीस फुटी गेट. नियम रस्ता सुरक्षित करायला केला, आणि वापरात तो लपूनछपून काम करणाऱ्याला बक्षीस देतो. आमच्या क्षेत्रातही असंच होतं. चेंज रिक्वेस्टचा फॉर्म चाळीस पानी केला की लोक थेट प्रॉडक्शनमध्ये हात घालतात.

माझ्या मते यावर उपाय म्हणजे तोंड रुंद करणं आणि जुनी शेड या दोन फाइली वेगळ्या ठेवणं. रस्त्याची सुरक्षितता वाढत असेल तर ती परवानगी आधी आणि ठरलेल्या मुदतीत द्यावी. शेडचा हिशोब नंतर सावकाश करा.

दुसरा उपाय मामाला मी सुचवला. त्याच्या शेजारी एक गोदाम आहे, त्यापुढे टायरचं दुकान. शंभर-दीडशे फुटांत तीन तोंडं, तीन मोऱ्या. तिघांनी मिळून एकच रुंद तोंड मागितलं आणि बाकीची दोन बंद करायची लेखी तयारी दाखवली तर? रस्त्यावर तिनाच्या जागी एकच वळण, आत तिघांची सामाईक वाट. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाच्या नियमांचाही कल वेगवेगळ्या वाटांऐवजी सामाईक वाटेकडे असतो. आणि हे काही परकं नाही. पांदण कधी एकाची नव्हतीच.

मामा आधी गप्प झाला. मग म्हणाला, "गोदामवाल्याशी तर दोन वर्षं बोलणं नाही आपलं." थोड्या वेळाने म्हणाला, "टायरवाल्याला मधी घालतो. नकाशा काढून दे मला तिघांचा, मीटरमधी अन् फुटांमधी, दोन्हीत."

नकाशा काल रात्री पाठवला. एकच तोंड, तीस फुटांचं, खाली सलग मोरी. आता तिघांच्या सह्या व्हायच्या आहेत.