ताकास तूर

१७ मे २००५. लॉस एंजेलिस. ई-थ्री या व्हिडिओ गेम प्रदर्शनाच्या तोंडावर निन्टेंडोची पत्रकार परिषद चालू आहे आणि तुम्ही गर्दीत मान उंचावून बसला आहात. कालच सोनीनं प्लेस्टेशन ३ दाखवला, बूमरँगच्या आकाराच्या कंट्रोलरसकट. एक्सबॉक्स ३६० एमटीव्हीवर झळकून आठवडाही झालेला नाही. आता तुमच्या लाडक्या कंपनीची पाळी.

कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता मंचावर येतात आणि एका हातात मावणारी काळी डबी उंच धरतात. डीव्हीडीचे तीन डबे एकावर एक ठेवले तर होईल एवढीच तिची जाडी, आणि डिस्क आत जाते त्या फटीत निळा उजेड. नव्या कन्सोलचं सांकेतिक नाव ‘रिव्होल्यूशन’. टाळ्या वाजवतानाच तुमच्या लक्षात येतं, कंट्रोलर कुठाय? तो दाखवतच नाहीत. ताकास तूर लागू देत नाहीत.

मग सुरू होतो तो तर्कवितर्कांचा उन्हाळा. निन्टेंडोचा गेमक्यूब प्लेस्टेशन २ च्या कितीतरी मागे राहिलेला, त्यामुळे हा खल नुसता टाइमपास नाही; तुमची सगळी आशा त्या न दाखवलेल्या वस्तूत अडकली आहे. मित्रांपैकी एकजण छातीठोकपणे सांगतो, डोक्यावर घालायचं हेल्मेट असणार! ई-थ्रीच्या आधी फिरलेला ‘निन्टेंडो ऑन’चा व्हिडिओ त्यानं शंभरदा पाहिलाय. ती एका स्पॅनिश चाहत्याची करामत निघाली तरी तो हटत नाही. मला त्या व्हिडिओचा राग कधीच आला नाही. कुणीतरी न पाहिलेल्या यंत्रावर इतकी माया करून ते जिवंत करावं, ही साधी गोष्ट नव्हे.

तुम्ही मात्र दुसराच धागा धरून बसला आहात. कंपनीनं हाताची हालचाल ओळखणाऱ्या जायरोस्कोपमध्ये रस घेतल्याचं तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वर्षी आलेल्या डीएस या हातातल्या कन्सोलमध्ये बोटानं खेळायचा पडदा आला. इवाता पुन्हापुन्हा म्हणतात, बटणांच्या भाऊगर्दीनं नवखा माणूस खेळाकडे फिरकतच नाही. एवढं सगळं समोर असूनही तुमच्या वहीतल्या चित्रात कंट्रोलर दोन्ही हातांनीच धरलेला असतो. ती सवय मोडून विचार करणं किती अवघड होतं, हे त्या वहीकडे पाहिलं की कळतं.

१६ सप्टेंबर. टोकियोजवळ चिबा, माकुहारी मेस्से. टोकियो गेम शोमध्ये इवाता बोलताहेत आणि अखेर ती वस्तू वर येते. टीव्हीचा रिमोट! लांबट, एका हातात धरायचा, अंगठ्याखाली मोठं बटण, तर्जनीपाशी चाप. डाव्या हातासाठी वायरीनं जोडलेला छोटा जोडीदार.

चित्रफीत लागते. तीत एकही खेळ दिसत नाही. कॅमेरा टीव्हीकडे पाठ करून माणसांकडे बघतोय. कुणी गळ फेकतंय, कुणी हवेत ड्रम बडवतंय, कुणी भाजी चिरल्यासारखा हात चालवतंय, आणि वयस्क माणसंही त्यात सामील आहेत. पुढे २००६ च्या एप्रिलमध्ये या कन्सोलचं नाव ‘वी’ ठेवतील, नोव्हेंबरमध्ये तो अमेरिकेतल्या दुकानांत येईल आणि जगभर दहा कोटींवर विकला जाईल. आत्ता तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही. तुमचा हेल्मेटवाला मित्र तावातावानं विचारतोय, या रिमोटनं ‘झेल्डा’ खेळातली तलवार फिरवायची तरी कशी? आणि तुम्ही वहीचं कोरं पान उघडून त्याला समजावायला लागला आहात.