फुलांशिवाय कवंद उघडी

कोनला आमच्या घरी आईने शिवलेली एक गोधडी आहे. आजीचे लुगडे, वडिलांचा सदरा, आमचे लहानपणचे कपडे, सगळे तिच्यात आहे. घरच्या सातबाऱ्यावर ज्या बायकांची नावे कधी लागली नाहीत, त्यांची कापडे इथे सापडतात. सिद्दींच्या इतिहासाची टिपणे काढताना ही गोधडी मला वारंवार आठवते.

आमच्या रायगड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा विषय निघाला की जंजिरा समोर येतो : १९४८ साली विलीन झालेले संस्थान, त्याचे नवाब, त्याचे आरमार. दख्खनेत मलिक अंबर (मृत्यू १६२६). सगळी पुरुषांची नावे. अंबरची पत्नी करीमा आपल्याला भेटते ती मुख्यतः खुलताबादच्या कबरीपुरती. पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात विकायला आणलेल्या आफ्रिकी बायकांच्या वाट्याला तर कबरीवरचे नावही आले नाही.

गोव्यातून सुटलेले, पळालेले कितीतरी जण घाट चढून उत्तर कन्नडच्या जंगलांत स्थिरावले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत त्यांचे वंशज आहेत. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. त्यांच्या घरच्या कोकणीत मराठी आणि कानडी मिसळलेली आहे. २००३ साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला.

तिथल्या बायका गोधडीला ‘कवंद’ म्हणतात. खाली जुनी साडी, वर जुन्या कपड्यांचे तुकडे. धावदोरा कडेपासून निघतो आणि फेऱ्या घेत मध्याकडे जातो. कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी ‘फुलं’ लागली की काम पुरे. ती नसतील तर कवंद उघडी, नागवी समजतात. ख्रिस्ती बाईच्या कवंदीवर क्रूस दिसतो, मुसलमान बाईच्या कवंदीवर चंद्रकोर.

अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांच्या साहाय्याने या बायकांनी सहकारी गट उभा केला. २०११ साली न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या शॉम्बर्ग केंद्रात कवंदींचे प्रदर्शन भरले. अंथरुणातली वस्तू कलाकृती म्हणून भिंतीवर गेली.

इथे अभ्यासकाने जपून पाऊल टाकावे. भडक रंग दिसला की आफ्रिका सापडली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण धावदोरा आमच्या आईच्याही गोधडीत आहे. कवंदीचे सिद्दीपण एखाद्या रंगात शोधण्यापेक्षा त्या बायकांच्या निवडीत शोधावे : कुणाचे कापड घ्यायचे, कोणती खूण लावायची आणि फुलांशिवाय काम पुरे मानायचे नाही.

सिद्दी सरदारांचा इतिहास तवारिखांत आणि दप्तरांत आहे. त्यांच्या बायकांचा शोध घ्यायचा तर दप्तरखान्याइतकेच माजघरातल्या अंथरुणाच्या चळतीकडेही जावे लागेल. आणि तेही वेळेवर, कारण कापड कागदाच्या आधी विरते.