कर्करोगावरील जनुकीय चाचण्यांचे मूल्यमापन

कर्करोगाच्या गाठीतील जनुकांची तपासणी करून मिळालेली माहिती रुग्णाच्या उपचाराला प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडते, हे पुराव्यांच्या आधारे ठरविण्याच्या प्रक्रियेला कर्करोगावरील जनुकीय चाचण्यांचे मूल्यमापन असे म्हणतात. चाचणी अचूक असणे आणि ती उपयुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या मूल्यमापनाचे मूळ सूत्र होय. चाचणीमुळे उपचाराचा निर्णय बदलला आणि त्या बदलाने रुग्णाचे आयुष्य वाढले, किंवा आयुष्याला धक्का न लागता अनावश्यक उपचारांचा त्रास टळला, तरच ती उपयुक्त मानली जाते.

मूल्यमापनाचे निकष

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'एसीसीई' या आराखड्यात चार निकष आहेत. जनुकातील बदल प्रयोगशाळेत दर वेळी बिनचूक ओळखला जातो का, हा पहिला निकष. त्या बदलाचा रोगाच्या वाटचालीशी खरोखर संबंध आहे का, हा दुसरा. चाचणीनुसार उपचार केल्याने रुग्णाचे हित साधते का, हा तिसरा. तर नैतिक, कायदेशीर व सामाजिक परिणाम हा चौथा निकष होय. पहिल्या दोन निकषांवर उतरलेली चाचणी तिसऱ्यावर उतरेलच असे नाही.

चाचण्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. रोग उलटण्याची शक्यता सांगणारी चाचणी भवितव्यसूचक, तर विशिष्ट औषध लागू पडेल की नाही हे सांगणारी चाचणी उपचारसूचक होय.

स्तनाचा कर्करोग : २१ जनुकांची चाचणी

२००४ मध्ये उपलब्ध झालेल्या ऑन्कोटाइप डीएक्स या चाचणीत गाठीच्या जतन केलेल्या नमुन्यातील २१ जनुकांची क्रियाशीलता मोजतात. त्यांपैकी १६ जनुके कर्करोगाशी संबंधित असून ५ तुलनेसाठी असतात. निष्कर्ष ० ते १०० या गुणांत मिळतो. गुण जितके अधिक, तितका रोग उलटण्याचा धोका अधिक. कमी गुणांच्या रुग्णांना केमोथेरपीचा फारसा लाभ होत नाही व जास्त गुणांच्या रुग्णांना होतो, असे आधीच्या अभ्यासांत दिसले होते. मधल्या गुणांच्या रुग्णांचे काय करावे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता.

त्याचे उत्तर 'टेलरएक्स' या अभ्यासाने २०१८ मध्ये दिले. संप्रेरकांना प्रतिसाद देणारा, हर२ प्रथिनाचे आधिक्य नसलेला आणि काखेतील लसीका ग्रंथींपर्यंत न पसरलेला कर्करोग असलेल्या १०,२७३ स्त्रियांची त्यात नोंद झाली. ११ ते २५ गुण असलेल्यांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. नऊ वर्षांनंतर, नव्याने आक्रमक कर्करोग न होता हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ संप्रेरक उपचार घेतलेल्या गटात ८३.३ टक्के, तर सोबत केमोथेरपीही घेतलेल्या गटात ८४.३ टक्के होते. एकूण हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ९४ टक्के होते. अशा बहुसंख्य स्त्रियांना केमोथेरपीची गरज नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. मात्र ५० वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या, १६ ते २५ गुण असलेल्या स्त्रियांना केमोथेरपीचा काही लाभ दिसून आला. म्हणून गुणांचा अर्थ लावताना वयही विचारात घेतले जाते.

फुप्फुसाचा कर्करोग : ईजीएफआर चाचणी

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयपास' या पूर्व आशियातील अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १,२१७ रुग्णांमध्ये जेफिटिनिब या औषधाची केमोथेरपीशी तुलना करण्यात आली. ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन असलेल्यांचा रोग जेफिटिनिबने अधिक काळ आटोक्यात राहिला. उत्परिवर्तन नसलेल्यांचा रोग मात्र त्याच औषधावर केमोथेरपीच्या तुलनेत लवकर बळावला. एकच औषध एका रुग्णाला तारक, तर दुसऱ्याला अहितकारक ठरू शकते, हे स्पष्ट झाल्याने ही उपचारसूचक चाचणी अत्यावश्यक ठरली.

अपयशाची उदाहरणे

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये जनुकांच्या क्रियाशीलतेवरून योग्य केमोथेरपी निवडता येते, असा दावा केला व त्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. कीथ बॅगर्ली व केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ विदा तपासली, तेव्हा तीत गंभीर चुका आढळल्या. २०१० मध्ये रुग्णांवरील चाचण्या थांबविण्यात आल्या आणि २०११ मध्ये मूळ शोधनिबंध मागे घेण्यात आला.

फ्रान्समधील 'शिवा' या अभ्यासात गाठीतील जनुकीय बदल पाहून, त्या कर्करोगासाठी मान्यता नसलेली लक्ष्यवेधी औषधे देण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ २.३ महिने, तर नेहमीच्या उपचारांत तो २ महिने होता. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. बदल सापडला म्हणजे उपाय सापडला असे नव्हे, हे यातून दिसून आले.

खर्च व मर्यादा

चाचणीचा खर्च आणि तिच्यामुळे टळणारा उपचारखर्च यांचा ताळेबंदही मूल्यमापनात मांडला जातो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्ये ऑन्कोटाइप डीएक्सची शिफारस केली, ती उत्पादकाने मान्य केलेल्या किमतीच्या अटीवरच. या चाचणीचे नमुने दीर्घकाळ कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत तपासले जात असल्याने भारतातील रुग्णांचे नमुनेही तेथे पाठवावे लागत. शिवाय, ईजीएफआर उत्परिवर्तनाचे प्रमाण युरोपीय रुग्णांपेक्षा आशियाई रुग्णांत अधिक आढळते. त्यामुळे एका लोकसमूहात काढलेले निष्कर्ष दुसऱ्या समूहाला लागू करण्यापूर्वी ते तेथे पडताळून पाहणे आवश्यक असते.